पित्त घशाशी येतं तेव्हा : हिरड्याच्या मुलखातून

शनिवारी सकाळी पुणे-नाशिक रस्त्यानं निघालेल्या गाड्यांमध्ये साधारण दोन प्रकारचे लोक असतात. एक, शिवनेरी-नाणेघाट-लेण्याद्री करायला निघालेले. दुसरे, मंचर-नारायणगावच्या पट्ट्यात मासवडी खायला निघालेले. (तिसरा प्रकार म्हणजे पहिल्याचं नाव सांगून दुसरं करणारे. आमचा ग्रुप त्यातला.) तिळ-खोबरं-लसणाचं सारण भरलेली बेसनाची मासवडी, वर तर्रीदार रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा, आणि मग 'एक कटिंग होऊन जाऊ दे'. रात्री अकराला घरी, साडेअकराला आडवे. सोमवारी सकाळच्या कॉलवर निम्मी टीम घसा खाकरत बोलत असते आणि प्रत्येक जण सांगतो, "एसीमुळे झालंय" किंवा "धूळ फार होती रे."

एसी आणि धूळ कधीकधी खरंच दोषी असतात. पण सकाळी उठल्यावर आवाज जड, घशात काहीतरी अडकल्यासारखं, सारखं खाकरावंसं वाटणं, कोरडा खोकला, आणि हे सगळं आठवडेच्या आठवडे चालू, असं असेल तर पोटातलं आम्ल घशापर्यंत येतंय का, हा प्रश्न विचारायला हवा. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांच्या छातीत अजिबात जळजळत नाही. त्यामुळे 'मला ॲसिडिटी नाहीये' असं ते छातीठोकपणे (!) सांगतात. घशाचा आणि पोटाचा हा संबंध वैद्यकाला आधी माहीत होता, मग आधुनिक वैद्यकात तो बराच काळ बाजूला पडला आणि पुन्हा सापडला. त्याचीच ही गोष्ट. आणि ती सांगायला जुन्नर-आंबेगावइतका सोयीचा मुलूख नाही.

सुरुवात जुन्या वैद्यकापासून करू. 'अम्लपित्त' हा शब्द चरकात येतो, पण त्या नावाचा स्वतंत्र अध्याय तिथे नाही. तो सापडतो काश्यपसंहितेत, जो मुळात लहान मुलांच्या आजारांचा ग्रंथ. त्याचं नेपाळमध्ये सापडलेलं हस्तलिखित १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानं छापून प्रसिद्ध केलं. दुसरा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे साधारण आठव्या शतकातलं माधवनिदान. माधवकरानं अम्लपित्ताचे दोन मार्ग सांगितलेत, वर जाणारं आणि खाली जाणारं. आणि लक्षणांच्या यादीत आंबट-कडू ढेकर, अन्न न पचणं, मळमळ यांच्याबरोबर छाती आणि कंठ या दोन्हींचा दाह एकाच दमात सांगितलाय. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला घसा हा या आजाराचाच भाग वाटत होता.

काश्यपानं दिलेली कारणं वाचताना मला तर आमच्याच ऑफिसबद्दल लिहिलंय असं वाटलं. आधीचं पचलेलं नसताना पुन्हा खाणं, शिळं खाणं, जेवून लगेच दिवसा झोपणं, नैसर्गिक वेग दाबून ठेवणं. (रिलीजच्या दिवशी चारही होतात.) पण त्याहून मजेदार आहे त्याचा प्रदेशाविषयीचा विचार. हा आजार मुख्यतः 'आनूप' म्हणजे पाणथळ, दमट प्रदेशात होतो. त्यावर 'जांगल' म्हणजे कोरड्या प्रदेशातली औषधं द्यावीत. आणि तरीही बरं वाटलं नाही तर माणसानं सरळ देश बदलावा! ऑनसाईट जायला इतकं जुनं मेडिकल कारण असेल असं मला वाटलं नव्हतं.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हे दोन्ही 'देश' एका एसटीच्या अंतरावर आहेत. पश्चिमेला हातवीज, दुर्गावाडी, घाटघर, आहुपे, पलीकडे भीमाशंकर. पावसाळ्यात ढगातच बुडालेली गावं. पूर्वेला आणे पठार, बेल्हे, लोणी-धामणी. तिकडे उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघावी लागते. काश्यपाचा सल्ला मानून आहुपेकरानं आण्याला मुक्काम हलवला तर त्याला तालुका बदलावा लागेल, जिल्हासुद्धा नाही.

आता त्या पश्चिम पट्ट्यातल्या झाडाबद्दल. हिरडा. सह्याद्रीच्या या उतारांवर तो चांगला वाढतो आणि इथल्या महादेव कोळी कुटुंबांचं उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न बऱ्याच अंशी त्याच्यावर असतं. फळ पिकायच्या आत, उन्हाळ्यात, झाडावर चढून तोडायचं, अंगणात वाळवायचं. वाळून काळं पडलं की तो 'बाळहिरडा'. भातशेती एका पावसाची, त्यामुळे वर्षाचं मीठ-मिरची, लग्नकार्य, पोरांच्या वह्या या पैशातून. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या पश्चिम भागातल्या हिरड्याचं मोठं नुकसान झालं, आणि भरपाईसाठी इथल्या लोकांना पुढे कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली. भात किंवा कांदा पडला तर पंचनामा कसा करायचा हे सरकारला ठाऊक असतं. जंगलातल्या झाडाचा कसा करायचा, हाच वाद. आपण मेडिकलमधून चूर्णाची बाटली घेतो तेव्हा ही बाजू आपल्याला दिसत नाही, म्हणून एवढं विषयांतर.

तर हिरडा आणि पित्त. अम्लपित्तावर वैद्य सर्रास देतात त्या अविपत्तिकर चूर्णात त्रिफळा असते, म्हणजे हिरडा आलाच. (सगळ्यात जास्त प्रमाण मात्र साखर आणि निशोत्तराचं.) लहानपणी घुटीत सहाणेवर उगाळलेला हिरडा आपण सगळ्यांनीच चाटलाय. घरी आई नसेल त्याची आई हिरडा, अशा अर्थाचं सुभाषितही आहे. युरोपलाही हिरड्याचं जुनं वेड. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात हिरडा-बेहडा-आवळ्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं. युरोपातले औषधविक्रेते काळा, पिवळा आणि मोठा हिरडा हे तीन वेगळे जिन्नस समजत. झाड एकच, फळाची वयं वेगळी. हा ओर्ता बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जाऊन त्याच्यावर उपचार करत असे. त्या निजामशाहीची सुरुवात जुन्नरची. मलिक अहमदनं १४९० मध्ये इथूनच स्वातंत्र्य पुकारलं आणि मग अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) वसवलं. पुढे इंग्रजांच्या काळात हिरडा बोटी भरभरून विलायतेला गेला, पण पोटासाठी नाही, तर कातडी कमावण्यासाठी. त्यातलं टॅनिन त्यांना हवं होतं.

आता कुणी विचारेल, मग हिरडा घ्यायचा का? माझं मत सांगतो. हिरडा हा सौम्य रेचक आहे. बद्धकोष्ठ असेल तर कुंथण्यानं पोटावर दाब येतो आणि आम्ल वर ढकललं जातं. तेवढ्यापुरता फायदा समजण्यासारखा आहे. पण घशापर्यंत येणाऱ्या आम्लावर हिरड्यानं हमखास गुण येतो, असं सिद्ध करणारा भक्कम पुरावा नाही. वैद्यांच्या सल्ल्यानं घ्या. महिनोन्महिने स्वतःच्या मनानं रेचक घेणं बरं नव्हे.

काश्यपाच्या उपचारातली पहिली पायरी होती वमन, म्हणजे उलटी करवणं. ते वैद्याच्या देखरेखीखाली, तयारी करून करायचं कर्म. त्याची घरगुती आवृत्ती म्हणजे सकाळी तांब्याभर मीठपाणी पिऊन ओकाऱ्या काढणं, किंवा दात घासताना बोटं घालून वाड्याला जाग येईल असा 'ख्यॅऽऽक'. ज्याच्या घशाला आम्लाचा त्रास आहे त्यानं हे करणं म्हणजे तेच आम्ल स्वतःच्या हातानं स्वरयंत्रावरून ओतणं. हे मात्र आधी बंद करा.

जुन्नरचा दुसरा औषधी धागा इंग्रजी अमलातला. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा कंपनी सरकारचा स्कॉटिश सर्जन. १८३८ पासून दापोडीची सरकारी बाग त्याच्याकडे होती. (हो, आपली कासारवाडीच्या अलीकडची दापोडी.) जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला तिची एक शाखा होती, तिथे मुख्यतः औषधी वनस्पती लावत. बोटीनं विलायतेहून औषधं मागवण्यापेक्षा इथेच पिकवावीत, हा हिशोब. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला.

त्या काळच्या विलायती औषधपेटीत पोटाच्या कळांसाठी एक ठरलेलं औषध असे, खुरासानी ओव्याचा अर्क. पोटाची आकडी थांबते, आम्ल थोडं कमी होतं. पण याच कुळातली द्रव्यं अन्ननलिकेच्या तळाची झडपही सैल करतात आणि तोंडाची लाळ आटवतात. म्हणजे आम्ल कमी, पण जे आहे त्याला वरचा रस्ता मोकळा, आणि वर आल्यावर धुऊन काढणारी लाळ गायब. पोटाला आराम, घशाला त्रास. तेव्हा घशाचा विचार या हिशोबात नव्हताच.

कारण आधुनिक वैद्यक तेव्हा पोटातच रमलं होतं. १८२३ मध्ये लंडनच्या विल्यम प्राउटनं दाखवलं की पोटातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. १८३६ मध्ये थिओडोर श्वाननं पेप्सिन शोधलं, मांस पचवणारं विकर. मग शंभर वर्षं सगळा भर अल्सरवर. आम्लामुळे अन्ननलिकेला सूज येते हे अमेरिकेच्या ॲशर विंकलस्टाइननं मांडलं, ते १९३५ मध्ये. म्हणजे पोटापासून छातीपर्यंत यायला शतक लागलं. छातीपासून घशापर्यंतच्या वीतभर अंतराला आणखी तेहतीस वर्षं! १९६८ मध्ये चेरी आणि मार्गुलिस या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरच्या न भरणाऱ्या जखमांचा संबंध वर येणाऱ्या आम्लाशी जोडला. १९९१ मध्ये जेमी कॉफमननं २२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि घशाच्या या आजाराकडे स्वतंत्रपणे बघायला कान-नाक-घसा तज्ज्ञांना भाग पाडलं. माधवकराच्या यादीतला 'कंठ' असा परत आला.

इतका उशीर का झाला? एक कारण म्हणजे डॉक्टरांची वाटणी. पोटाचे वेगळे, घशाचे वेगळे. दुसरं, शरीराची रचना. पोटाच्या आतल्या अस्तराला श्लेष्माचं जाड संरक्षण असतं. अन्ननलिकेत लाळ खाली येत राहते आणि स्नायू आम्ल परत ढकलतात. स्वरयंत्राकडे यातलं फारसं काहीच नाही. त्यामुळे छातीत जळजळ व्हायलाही पुरणार नाही इतकं थोडं आम्ल आणि पेप्सिन तिथे पोचलं तरी सूज येते. बऱ्याचदा हे दिवसा, उभं असतानाच होतं. दुखत नाही, जळत नाही, फक्त आवाज जातो.

आणि मग गोळी आली. जेम्स ब्लॅकच्या संशोधनातून निघालेलं सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलं (ब्लॅकला १९८८ मध्ये नोबेल मिळालं), मग रॅनिटिडीन, मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ओमेप्राझोल. भारतात १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. हे २००५ पर्यंत चाललं. आपल्या कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीनं तेच औषध बनवून स्वस्तात विकलं. गरिबाच्या अल्सरचं ऑपरेशन टळलं, ही मोठीच गोष्ट. पण त्याचबरोबर नारायणगावच्या एसटी स्टँडपासून हिंजवडीच्या फेज तीनपर्यंत प्रत्येक मेडिकलमध्ये 'पित्ताची गोळी द्या' एवढंच पुरेसं झालं. (त्यातली रॅनिटिडीन आता मागे पडली. अशुद्धीच्या शंकेमुळे २०२० मध्ये अमेरिकेनं ती बाजारातून काढायला लावली आणि २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ती गेली.)

छातीतल्या जळजळीवर या गोळ्या उत्तम चालतात. घशाचं तसं नाही. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. घशाची जुनी तक्रार असलेले ३४६ लोक. निम्म्यांना लान्सोप्राझोल दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, १६ आठवडे. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता! त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेत १८४ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. बहुतांश शाकाहारी जेवण, आम्लारी पाणी आणि नेहमीची पथ्यं एवढंच केलेल्या गटाला गोळीवाल्या गटाइतकाच गुण आला होता. (जुन्या नोंदींचा अभ्यास, म्हणून त्याचं वजन कमी. पण दिशा कळते.) गोळी घेऊनही तक्रार चालूच राहिली तर डोस वाढवण्याआधी, आपण आडवे कधी होतो हे बघायला हवं.

तर पहिली पायरी, आणि ती फुकट आहे. रात्रीचं जेवण आणि झोपणं यांत तीन तास. जुन्नरच्या खेड्यात दिवे लागणीला जेवणारी पिढी हे आपोआप पाळत होती. आपण अमेरिकेच्या घड्याळावर जगतो म्हणून ते मुद्दाम पाळावं लागतं. रात्रीच्या कॉलमुळे जेवायला अकरा वाजणार असतील तर मुख्य जेवण सातला डब्यातून करा आणि अकराला काही खाऊ नका. या बाबतीत आपल्याहून अवघड अवस्था नारायणगावच्या तमाशा कलावंतांची. रात्रभर गायचं, मग पहाटे जेवायचं, आणि तसंच ट्रकमध्ये आडवं व्हायचं. आवाज हेच पोट भरायचं साधन, आणि वेळापत्रक नेमकं त्याच्या विरुद्ध. शिक्षक, कीर्तनकार, कॉल सेंटरवाले हे याच रांगेत.

दुसरं, पलंगाची उशाची बाजू सहा-आठ इंच उंच. जास्त उशा घेऊन नाही, त्यानं पोट दुमडतं आणि उलटंच होतं. पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे. गावाकडच्या बाजेला हे दोन मिनिटांत होतं, आपल्या बॉक्सवाल्या डबलबेडला सुताराला बोलवावं लागतं, किंवा उतरती उशी मिळते ती घ्यावी. रात्रीच्या त्रासाला याचा जास्त उपयोग. आणि झोपताना डाव्या कुशीवर. पोटाची पिशवी डावीकडे झुकलेली, त्यामुळे त्या कुशीवर आम्ल झडपेच्या खाली राहतं. आपल्याकडे 'वामकुक्षी' हा शब्दच आहे! पुणेकरांनी मात्र त्यातली कूस विसरून झोप तेवढी लक्षात ठेवली. (आणि काश्यप दुपारच्या झोपेच्या विरोधात होता, हेही एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांना कळवावं.)

खाण्याचं म्हणाल तर सरसकट यादी करून सगळं सोडू नका, दोन दिवसांत वैतागाल. एका वेळी एकच गोष्ट दोन-तीन आठवडे बंद करून बघा. आपण बग शोधताना करतो तसंच. चहा-कॉफी, तळलेलं, तिखट रस्सा, टोमॅटो, चॉकलेट, सोडावॉटर, दारू हे नेहमीचे संशयित. टोमॅटो म्हटल्यावर नारायणगावकर रागावतील, त्यांची बाजारपेठ टोमॅटोवर उभी आहे. पण सगळ्यांनाच टोमॅटो बाधतो असं नाहीये. सोडा-लिंबू किंवा फसफसणारी पावडर घेतल्यावर ढेकर येऊन बरं वाटतं खरं, पण त्या ढेकरीबरोबरच आम्ल वर येतं, आणि त्यात सोडियम भरपूर. जेवणानंतर आणि झोपताना घ्यायची अल्जिनेटची औषधं मिळतात, ती पोटातल्या द्रवावर साय धरतात तशी तरंगतात. ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत. पोटाचा घेर असेल तर दोन-चार किलो कमी केल्यानंही फरक पडतो. जीन्सचा पट्टा सैल. घसा खाकरावासा वाटला की पाण्याचा घोट. प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि सूज टिकून राहते. गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती जेवणाआधी अर्धा ते एक तास, जेवल्यावर नाही. धीर दोन-तीन महिन्यांचा हवा. छातीपेक्षा घसा उशिरा बरा होतो.

तंबाखू आणि मिश्री वेगळी सांगतो. निकोटिन झडप सैल करतं, पण मुद्दा तेवढाच नाही. आपल्या गावाकडे कित्येक घरांत आजी-मावशी मिश्री लावतात, काका तंबाखू मळतात. त्यांचा आवाज बसला की 'पित्त झालंय, हिरडा घे' म्हणून महिने जातात, आणि ते पित्त नसतं. आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना अडकत किंवा दुखत असेल, थुंकीतून रक्त, वजन उतरणं, मानेत गाठ, एका बाजूच्या कानात कळ, यातलं काहीही असलं तर घरगुती उपाय आणि ही सगळी पथ्यं बाजूला ठेवून सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. दुर्बीण नाकातून घालतात, भूल लागत नाही, पाच मिनिटांत स्वरयंत्र पडद्यावर दिसतं. गावाहून पुण्याला कुणी कामानिमित्त आलं असेल आणि बोलताना आवाज घोगरा वाटला, तर त्याच फेरीत दाखवून घ्या.